कासवासाठी प्लास्टिकचा हौद आणि त्याचा फिल्टर : या चुका टाळा

पाण्यातलं कासव वाढत जातं आणि एक दिवस काचेची टाकी त्याला पुरेनाशी होते. मग शोध सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा स्टॉक टँकपाशी येऊन थांबतो. गुरांना पाणी पाजण्यासाठी बनवलेला हा प्लास्टिकचा हौद दणकट असतो आणि तेवढ्याच पाण्याच्या काचेच्या टाकीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. कासवालाही तो मानवतो. भिंतीपलीकडचं दिसत नसल्यामुळे ते दिवसभर काचेवर पाय मारत बसत नाही. माझं कासव हौदात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शांत झालं.

पण काचेच्या टाकीत चूक डोळ्यांना दिसते. तळाचा गाळ बाजूने दिसतो, फिल्टरच्या तोंडाशी अडकलेली कवचाची खपली दिसते. हौदात आपण फक्त वरून बघतो, आणि गडद तळावरचा गडद गाळ वरून कळतच नाही. पाणी नितळ आहे असं वाटतं आणि खाली आठवडाभराची घाण साचलेली असते. हौदाला 'मोठी काचेची टाकी' समजलं की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होतात.

लिटर मोजताना काठ विसरणं

कवचाच्या दर सेंटीमीटर लांबीमागे साधारण १५ लिटर पाणी, हा कासव पाळणाऱ्यांचा जुना अंदाज आहे. रेड-इअर्ड स्लायडर या सर्रास पाळल्या जाणाऱ्या जातीची मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते, म्हणजे तिला ३७५ ते ४५० लिटर पाणी हवं. हौदावर ३८० लिटर लिहिलेलं असतं ते काठोकाठ भरल्यावरचं. कासव असलेला हौद काठोकाठ भरता येत नाही, कारण ते सरळ बाहेर चढून जातं. वरचे १५-२० सेंटीमीटर मोकळे सोडले की प्रत्यक्षात बरंच कमी पाणी उरतं. हिशोब या उरलेल्या पाण्याचा करा.

कपडे किंवा सामान ठेवायचे पातळ प्लास्टिकचे खोके म्हणजे स्टॉक टँक नव्हे. पाण्याच्या दाबाने त्यांच्या भिंती फुगतात आणि एखाद्या रात्री कोपऱ्यातून उकलतात. वापरलेला हौद घेत असाल तर आधी त्यात काय ठेवलं होतं ते विचारा. कीटकनाशक किंवा इतर रसायन असेल तर कितीही धुतलेला असला तरी नको.

आणि वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३०० लिटर पाणी भरल्यावर तो हौद कुणालाच सरकवता येणार नाही, म्हणून निचऱ्याचं बूच भिंतीकडे ठेवून हौद भरू नका. चार कोपऱ्यांवर चार विटा लावून त्यावर हौद टेकवणं हीसुद्धा चूकच. तळ मधे खचतो. खाली सलग, सपाट आधार हवा.

कॅनिस्टर फिल्टर हौदाच्या शेजारी जमिनीवर ठेवणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि दोष बिचाऱ्या फिल्टरला दिला जातो. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर. काचेची टाकी स्टँडवर असते आणि तो खालच्या कप्प्यात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. हौद मात्र जमिनीवर असतो.

कॅनिस्टरचा पंप हौदातलं पाणी वर खेचत नाही. पाणी नळीतून गुरुत्वाकर्षणाने खाली डब्यात उतरतं आणि पंप ते फक्त परत वर ढकलतो. म्हणून पाण्याची पातळी आणि डब्याचा माथा यांत पुरेसा उतार लागतो. बऱ्याच फिल्टरच्या माहितीपत्रकात हे अंतर किमान २० सेंटीमीटरच्या आसपास दिलेलं असतं. आता हौदातलं पाणी जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आणि डब्याची उंची ४० सेंटीमीटर असेल, तर उतार उरतो पाच सेंटीमीटर. फिल्टर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन घरघरतो, हवा धरतो, धार बारीक होते. लोक पंप बदलतात, अख्खा फिल्टर बदलतात आणि नवाही तसाच वागतो.

उपाय दोन. रिकामा असतानाच हौद २५-३० सेंटीमीटर उंच, सलग आणि भक्कम ओट्यावर चढवा. ते शक्य नसेल तर कॅनिस्टरचा नाद सोडा आणि पाण्यात बुडणारा पंप व वर बादलीचा फिल्टर असा मार्ग धरा. त्याबद्दल पुढे येतंच.

नळ्यांचंही असंच. फिल्टरसोबत येणाऱ्या क्लिपा काचेच्या पातळ कडेसाठी असतात. हौदाची जाड, वळवलेली कड त्यांत मावत नाही. मग नळी कडेवरून तशीच वाकवली जाते आणि तिथे चेपते. कडेवरून जाणारा तेवढा भाग पीव्हीसीच्या पाइपचे दोन कोपर जोडून करून घ्या. रबरी चकत्याही हौदाच्या खरखरीत भिंतीला धरत नाहीत. दोन दिवसांत नळी निसटते, आणि परतीची नळी हौदाबाहेर पडली तर सगळं पाणी जमिनीवर येतं. ती पक्की बांधा.

डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

'४०० लिटरपर्यंत' हा आकडा माशांच्या टाकीसाठी असतो. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, खाताना अन्नाचा चुरा करतं, वर कवचाच्या खपल्या टाकतं. प्रत्यक्ष पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्यावा. ताशी अमुक लिटर हा आकडाही रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि मीडिया (म्हणजे जिवाणूंना राहायला सच्छिद्र तुकडे) भरला, पाणी थोडं उंच चढवावं लागलं, की प्रवाह कमी होतोच.

प्रवाहापेक्षा मी डब्याच्या आकाराला जास्त महत्त्व देते. कारण फिल्टर घाण नाहीशी करत नाही, ती एका जागी गोळा करतो. तो डबा उघडून धुईपर्यंत अडकलेली विष्ठा त्याच फिरत्या पाण्यात विरघळत राहते. फिल्टर चालू आहे म्हणून स्पंज दोन महिने न धुणं म्हणजे गाळाचा काढा करून तो कासवाला देणं आहे. आत जाणाऱ्या तोंडावर जाड स्पंजची टोपी लावा आणि ती दोन-तीन दिवसांनी पिळा. ती खपल्या अडवते, शिवाय लहान पिल्लाचा पाय किंवा नख तोंडाशी ओढलं जात नाही.

बादलीचा फिल्टर करताना उलट दिशेचा विचार न करणं

पंप पाणी वर बादलीत टाकतो, ते स्पंज आणि मीडियातून झिरपतं आणि खालच्या पाइपने हौदात परत येतं. साधी, चांगली, धुवायला सोपी रचना. अडचण येते ती मीडिया तुंबल्यावर. पंप पाणी चढवतच राहतो, खालून तेवढं उतरत नाही आणि बादली ओसंडते. ओसंडलेलं पाणी हौदाबाहेर जात असेल तर पंप अख्खा हौद जमिनीवर रिता करतो.

म्हणून परतीचा पाइप चढत्या नळीपेक्षा बराच रुंद घ्या, जमल्यास दुप्पट व्यासाचा. बादलीच्या कडेखाली एक जादा भोक ठेवा आणि ते हौदाच्या दिशेनेच असू द्या. बादली शेजारी टेबलावर नको, हौदाच्या तोंडावरच आडव्या फळ्यांवर पक्की बसवा. आणि पंप अगदी तळाशी न ठेवता विटेएवढ्या उंचीवर ठेवा, म्हणजे काहीही झालं तरी कासवापुरतं पाणी खाली शिल्लक राहील.

भोक पाडून सिलिकॉन लावणं

हे हौद पॉलिइथिलीनचे असतात आणि पॉलिइथिलीनला सिलिकॉन नीट चिकटत नाही. सुरुवातीला चिकटल्यासारखं वाटतं, पुढे पापुद्र्यासारखं सुटून येतं. जोड हवा असेल तर टँक निपल वापरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आवळणारा, रबरी वॉशरचा. भोक भिंतीच्या सपाट भागात पाडा, वळणावर नाही, कारण वळणावर वॉशर पूर्ण टेकत नाही. टेफ्लॉन टेप पाइपच्या आट्यांवर गुंडाळायची असते, वॉशरखाली नाही. हाताने घट्ट आवळून वर पाव फेरा पुरतो, जास्त जोर लावला तर नटच तडकतो.

सगळं एकाच दिवशी चकाचक करणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका सुट्टीच्या दिवशी हौद पूर्ण रिकामा केला, भिंती घासल्या, फिल्टरमधला सगळा मीडिया नळाखाली धुऊन काढला आणि ताजं पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि त्याला उग्र वास येऊ लागला.

घडलं ते असं. कासवाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. मीडियावर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करतात. नव्या हौदात त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. मी स्वच्छतेच्या नावाखाली ती सगळी वस्ती एका दुपारी धुऊन टाकली होती.

आता मीडिया हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळते, तोही अर्धाच. उरलेला अर्धा दोन आठवड्यांनी. पाणी दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदलते आणि नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन घालवणारं औषध टाकते. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) वर गेलं की पाणी बदलायला उशीर झालाय असं समजा.

वीज बराच वेळ गेली तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. बंद डब्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात आणि आतलं पाणी कुजतं. काही तासांहून जास्त खंड पडला असेल तर फिल्टर तसाच सुरू करू नका, ते कुजकं पाणी हौदात येतं. आधी डबा रिकामा करा, मीडिया खळबळून घ्या.

फिल्टर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. वेगळी बादली ठेवा आणि नंतर साबणाने हात धुवा.

तळाला खडी घालणं

छान दिसते, पण लहान खडे कासव गिळतं आणि ते आतड्यात अडकू शकतात. शिवाय खड्यांच्या फटीत गेलेली घाण कुठलाही फिल्टर ओढू शकत नाही. मोकळा तळ सर्वांत चांगला. दगड हवेच असतील तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे घ्या, आणि त्यांच्याखाली कासव अडकून बसेल अशी कपार राहू देऊ नका. ते श्वासासाठी वर येऊ शकलं नाही तर बुडून मरतं.

फिल्टरची आत आणि बाहेरची तोंडं शेजारी-शेजारी लावली की स्वच्छ पाणीच पुन्हा फिल्टरमध्ये जात राहतं आणि दुसऱ्या टोकाला गाळ साचतो. आत जाणारं तोंड एका टोकाला तळाजवळ ठेवा. परतीची धार दुसऱ्या टोकाला, भिंतीला समांतर सोडा, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि गाळ ढकलत आणतं. आणि तळाशी एक जड पांढरी टाइल टाकून ठेवा. रात्री टॉर्च मारून तिच्याकडे बघा. किती गाळ बसतोय ते गडद तळ सांगत नाही, ती टाइल सांगते.

हीटर, दिवे आणि वीज

हीटर थेट प्लास्टिकच्या भिंतीला टेकवू नका, आणि काचेचा हीटर उघडाही ठेवू नका, कासव तो फोडतं. भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात आडवा, खोलवर बसवा. पाणी बदलताना तो आधी बंद करा, कोरडा तापला तर तडकतो.

कासवाची पाण्याबाहेरची, दिव्याखालची ऊन खाण्याची जागा ३० ते ३५ अंश सेल्सिअस हवी. यूव्हीबीचा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा काचेतून किंवा प्लास्टिकच्या झाकणातून उपयोगाचा नाही, ते किरण तिथेच अडतात. हौदाच्या कडेला नुसत्या चिमट्याने दिवा लावणं सर्वांत धोक्याचं. तो वरून साखळीने टांगा, म्हणजे चिमटा सुटला तरी पाण्यात पडणार नाही. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब खाली गळतील, सॉकेटमध्ये जाणार नाहीत. आणि हे सगळं आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच चालवा.

पाणी बिघडलं तर

दुधाळ पाणी: बहुधा नवा हौद किंवा अति स्वच्छता. खाणं कमी करा, थोडं-थोडं पाणी बदला, मीडियाला हात लावू नका.

हिरवं पाणी: प्रकाश जास्त आणि नायट्रेट जास्त. हौद उन्हात असेल तर अर्ध्यावर सावली करा. गडद हौद उन्हात झपाट्याने तापतो, त्यामुळे सावली कासवासाठीही हवीच.

सडक्या अंड्याचा वास: कुठेतरी हवा न पोचलेला गाळ कुजतोय. बंद पडलेला फिल्टर, दगडाखालची जागा आणि निचऱ्याच्या बुचाची खोबण तपासा. शेवटची जागा हमखास विसरली जाते.

वरती तेलकट साय: पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. परतीची धार थोडी वर उचला.

धार हळूहळू बारीक होते: आधी तोंडावरचा स्पंज, मग नळीच्या आतला चिकट थर, मग पंपाचा पंखा. पंख्याभोवती बऱ्याचदा खपलीचा एखादा पातळ तुकडा गुंडाळलेला सापडतो.