बेळगाव-खानापूरचं शिवार उपग्रहातून कसं वाचावं

कणकुंबीच्या सदाहरित रानापासून अथणीच्या काळ्या जमिनीपर्यंत सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, आणि तेवढ्यात घाट, जांभ्याचे सडे, भाताची खाचरं, उसाचे पट्टे, गोकाकचे वालुकाश्माचे कडे, सगळं येऊन जातं. इतका बदलता मुलूख वरून पाहायला मिळणं हे भाग्यच. मात्र नुसता नकाशा उघडून बोटं फिरवली की हिरवं-तपकिरी दिसतं, समजत काहीच नाही. आधी प्रश्न ठरवा, मग तारीख, आणि सर्वांत शेवटी चित्र किती स्पष्ट आहे ते बघा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

एक ठिपका म्हणजे एक गुंठा

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. त्यांचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एक ठिपका एक गुंठा, चाळीस ठिपके एक एकर, हा हिशेब पाठच करून ठेवावा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे.

एकरभर शेत असलं की भागलं, असं मात्र नाही. वाटण्या होऊन होऊन आपल्याकडच्या पट्ट्या लांब आणि अरुंद झाल्यात. दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब अशी दहा गुंठ्यांची पट्टी घेतली तर तिचा जवळजवळ प्रत्येक ठिपका शेजारच्या बांधाशी, गवताशी किंवा दुसऱ्याच्या पिकाशी मिसळलेला असतो. त्यामुळे शेताची रुंदी किमान तीन ठिपके, म्हणजे ३० मीटर असेल तरच त्याच्या रंगावरून निष्कर्ष काढा, आणि तोही मधल्या ठिपक्यांवरून. कडेचे सोडून द्या.

झाडं, घरं, पाणंदी, विहिरी पाहायच्या असतील तर संगणकावरचं गुगल अर्थ प्रो वापरा. घड्याळाच्या खुणेवर दाबलं की जुनी चित्रं तारखेनिशी उघडतात. जवळ जाऊनच तारीख वाचा. लांबून पाहताना पडद्यावर अनेक दिवसांचे तुकडे जोडलेले असतात आणि खालची तारीख त्यातल्या एखाद्याच तुकड्याची असते. दोन वर्षांची चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असणंही नेहमीचंच. तेवढ्यावरून ‘बांध सरकला’ म्हणून शेजाऱ्याशी भांडण काढू नये. हद्दीसाठी मोजणीच लागते. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर जमीन-वापराचे तयार नकाशे आहेत, ते तालुक्याची कल्पना यायला चांगले.

चित्र काढण्याची पद्धत

कोपर्निकस ब्राउझर हे सेंटिनेलची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ उघडून फुकटचं खातं काढा. गावाच्या नावाने शोधलं तर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ होतो, कारण कन्नड आणि मराठी उच्चारांप्रमाणे एकाच गावाची दोन-तीन रूपं चालतात. त्यापेक्षा अक्षांश-रेखांश टाका, अक्षांश आधी: बेळगाव १५.८५, ७४.५०, खानापूर १५.६४, ७४.५१, अथणी १६.७३, ७५.०६. मग सेंटिनेल-२ मधला एल-२ए हा प्रकार निवडा. त्यात हवेतल्या धुरळ्याचा आणि बाष्पाचा परिणाम बराचसा काढलेला असतो. एल-१सी मध्ये तो तसाच राहतो, म्हणून दोन तारखांची तुलना करताना हे दोन प्रकार मिसळू नका.

ढगांची टक्केवारी सुरुवातीलाच २० वर आणून ठेवली की चांगली चित्रं हातची जातात. ती टक्केवारी शंभर-एक किलोमीटर रुंदीच्या अख्ख्या तुकड्याची असते. घाटावर ढग दाटलेले आणि पूर्वेकडे लख्ख ऊन, हे आपल्याकडे ऑक्टोबरात रोजचंच. मर्यादा ८० पर्यंत सैल सोडा आणि आपलं गाव डोळ्यांनी तपासा. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्याचं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर धुरकट हवा आणि वणव्यांचा धूर त्रास देतो.

चित्रावरची वेळ जागतिक असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो.

लाल रंगातलं हिरवं

साध्या रंगात भात, ऊस, काजू आणि जंगल सारखंच हिरवं दिसतं. उपग्रह प्रकाशाचे वेगवेगळे भाग वेगळे टिपतो, त्यांना क्रमांकाचे पट्टे म्हणतात. म्हणून ८ (अवरक्त), ४ (लाल) आणि ३ (हिरवा) हे पट्टे लावा, तयार यादीत ते ‘फॉल्स कलर’ नावाने असतं. जोमदार पालवी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, त्यामुळे ती लालभडक दिसते. पाणी काळं, नापेर जमीन करडी-निळसर.

आता दोन तारखा घ्या: ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरात येळ्ळूर, कडोली, खानापूर, चिकोडी सगळं लाल. फेब्रुवारीत भात निघून गेल्यामुळे खाचरं फिकी पडतात, आणि जिथे पाणी आहे तेवढंच लाल उरतं: कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठचा ऊस, विहिरीखालचं रब्बी. हे एक जोडचित्र तालुक्याचं ओलीत-कोरडवाहू जितकं स्पष्ट दाखवतं तितकं दुसरं काही दाखवत नाही. उसात एक अडचण आहे. कारखान्याची तोडणी सुरू झाली की लाल पट्ट्यात चौकोनी फिके तुकडे पडू लागतात. त्यांना पडीक समजू नका. महिना-दीड महिन्यानंतरचं चित्र पाहा, खोडव्याची लाली परत आलेली असते.

खानापूरच्या पश्चिमेला, भीमगड अभयारण्याच्या बाजूला, मार्चअखेरचं चित्र घ्या. सदाहरित रान गडद लाल राहतं, पानझडी रान तपकिरी होतं, जांभ्याचे सडे उघडे पडतात. काजूच्या बागा मात्र मार्चातही लाल असतात आणि रानात जमा होतात. तिथे गुगल अर्थवर जवळ जा: काजूचे गोल घेर ओळीत किंवा ठरावीक अंतरावर असतात, कडा सरळ असते. नैसर्गिक रानाला असली सरळ कडा नसते.

आकड्यात बोलायचं तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक काढा: पट्टा ८ वजा पट्टा ४, भागिले दोघांची बेरीज. दाट पालवी ०.७ च्या आसपास किंवा वर, नापेर जमीन ०.२ च्या खाली, पाणी बहुधा शून्याखाली. ब्राउझर हे स्वतःच करतो. मूळ फाइल उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या फाइलींत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता गणित केलं तर पट्टा ८ मध्ये खरे ४००० आणि पट्टा ४ मध्ये ६०० असलेलं शेत ५००० आणि १६०० दिसतं, आणि एनडीव्हीआय ०.७४ ऐवजी ०.५२ येतो. पीक ठणठणीत असताना ते खंगल्यासारखं वाटतं, ते या एका चुकीपायी. फाइलीसोबतच्या माहितीत ही भर नोंदवलेली असते, ती आधी वाचा.

डोंगर खड्ड्यासारखा दिसतो तेव्हा

जांबोटी-कणकुंबीच्या चित्रात पुष्कळांना दऱ्या उंच आणि डोंगरधारा खोल दिसतात. हिवाळ्यात सकाळी सूर्य आग्नेयेला, म्हणून सावल्या वायव्येला, चित्रात वरच्या डाव्या बाजूला पडतात. उजेड वरूनच येतो असं आपला डोळा धरून चालतो आणि फसतो. चित्र १८० अंशांत फिरवा, डोंगर लगेच डोंगर होतात. ढगाची सावली ओळखायलाही हेच ज्ञान कामाला येतं. काळा डाग पाण्याचा वाटला तर त्याच्या आग्नेयेला त्याच आकाराचा पांढरा ढग आहे का बघा. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे झुकलेला असतो, तेव्हा दिशा बदलते.

पाणी आणि पूर

घटप्रभेवरचा हिडकलचा जलाशय नोव्हेंबर आणि मे अशा दोन तारखांना पाहा. काठ किती आत सरकतो ते मोजपट्टीने मोजता येतं. पट्टा ३ आणि ८ वरून काढलेला एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाण्याचा निर्देशांक, शून्याच्या वर असेल तर ते बहुधा पाणी. अथणीकडची ओली काळी माती साध्या चित्रात पाण्यासारखी भासते, ती इथे वेगळी पडते. उन्हाळ्यात हिडकलचं पाणी ओसरल्यावर उघडं पडणारं हुन्नूरचं विठ्ठलमंदिर दहा मीटरच्या चित्रात शोधत बसू नका. एक-दोन ठिपक्यांत मंदिर ओळखू येत नाही. त्यासाठी गुगल अर्थवर उन्हाळ्यातलं जुनं चित्र शोधावं लागतं.

ऑगस्ट २०१९ सारख्या पुरात आभाळ भरलेलं असतं, तिथे सेंटिनेल-१ चं रडार लागतं. ते ढगांतून आणि अंधारातही पाहतं. यादीतलं ‘व्हीव्ही’ नावाचं रडारचित्र निवडा: शांत पाणी रडारच्या लहरी दूर परतवून टाकतं म्हणून काळं दिसतं. पुराआधीचं आणि पुरातलं चित्र एकाच मार्गावरच्या फेरीचं, म्हणजे दोन्ही सकाळचं किंवा दोन्ही संध्याकाळचं असू द्या. जुलैत चिखलणी केलेली खाचरंही काळी दिसतात, त्यामुळे नुसत्या काळ्या रंगाला पूर म्हणू नका. आधी काळं नव्हतं आणि आता आहे तेवढंच धरा. उलट बाजूने, पुरुषभर उंचीच्या उसात पाणी शिरलं तर या रडारला ते नीट दिसत नाही. चिकोडी-रायबागच्या काठावर यामुळे पुराचं क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा कमी भरतं. नुकसानीचा दावा मांडणाऱ्यांनी ही उणीव लेखी नोंदवावीच.

बळ्ळारी नाल्यासारख्या अरुंद ओढ्याचं पात्र या चित्रांत हाती लागत नाही. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पाणी किती दिवस तुंबलं ते पाहायचं तर पाऊस उघडल्यावरचं पहिलं स्वच्छ चित्र घ्या आणि कुजलेल्या भाताचे फिके पट्टे नाल्याला लागून शोधा.

ड्रोन उडवण्याआधी

बेळगावात लष्करी छावणी आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे आणि सांबऱ्याला विमानतळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्या दिवशीचा क्षेत्र-नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नका. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीविना २०० फुटांपर्यंतच जाता येतं, आणि हिरव्या क्षेत्रात, म्हणजे नकाशावर परवानगीविना उडवायला मोकळ्या भागात, इतरत्र ४०० फुटांपर्यंत. त्याहून जवळ परवानगी हवीच. अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी.

शेताचा सलग नकाशा जोडायचा असेल तर ८० ते १०० मीटर उंची धरा. पुढचा-मागचा फोटो ८० टक्के आणि शेजारच्या ओळीतला ७० टक्के एकमेकांवर आला पाहिजे. वेबओडीएम हे फुकट सॉफ्टवेअर जोडकाम करतं. वाऱ्यात डोलणारा ऊस आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यावर त्याला सारख्या खुणा सापडत नाहीत, तिथे नकाशाला भोकं पडतात किंवा तो वाकतो. वारा पडलेला असताना उडवा, उसावर उंची आणि फोटोंची दाटी वाढवा, आणि शेताच्या कोपऱ्यांवर चुन्याने फुली मारून तिचं स्थान मोजून घ्या. चित्र साठवताना फाइलीच्या नावातच उपग्रह, तारीख, पट्टे आणि गाव लिहा, आणि शिवारात जाऊन पाहिलेलं पीक कर्नाटक सरकारच्या दिशांक या जमीन-नकाशाच्या ॲपवरच्या सर्व्हे नंबरासह त्याच आठवड्यात वहीत टिपा. पुढच्या हंगामात रंग ताडून पाहायला तीच नोंद लागते.