‘हे अजून कसे आले नाहीत?’ : स्मृतिभ्रंश झालेल्या आईला काय उत्तर द्यावं

बाबांना जाऊन वर्षं झाली आणि आई रोज संध्याकाळी विचारते, “हे अजून कसे आले नाहीत?” यावर “आई, बाबा गेले ना!” हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका. काल ऐकलेलं तिच्या लक्षात नसतं, त्यामुळे बातमी तिच्यासाठी आजचीच असते आणि दुःखही तितकंच ताजं. थोड्या वेळाने ती ऐकलेलं विसरते, पण घाबरलेपण बराच वेळ राहतं.

“येतायत पाच मिनिटांत” हेही चुकतं. ती खिडकीशी जाऊन बसते, जेवत नाही, दार उघडून जिन्यात जाते. म्हणून चूक दाखवायची नाही आणि नवी थापही मारायची नाही. आधी टीव्ही बंद करून तिच्या समोर बसा, नजर एका उंचीवर आणा. मग तिला काय वाटतंय त्याला उत्तर द्या : “बाबांची आठवण येतेय ना?” तिला बोलू द्या. मग बाबांबद्दलच विचारा, “त्यांना डब्यात काय आवडायचं गं?” आणि शेवटी हाताला काम द्या : मटार सोलणं, वाती वळणं, रुमालांच्या घड्या. बहुतेक घरांत हे पहिल्याच पायरीला बिनसतं, कारण उत्तर स्वयंपाकघरातून ओरडून दिलं जातं.

“मला घरी जायचंय” याचंही तसंच. ती म्हणते तो नारायण पेठेतला वाडा कदाचित १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरातच गेला असेल. ते पटवून काही साधत नाही. घर म्हणताना तिला बहुधा सुरक्षित वाटणारी जागा हवी असते. आधी बघा : लघवीला लागलीय का, भूक, थंडी, कुठे दुखतंय का. ती बोलून दाखवतेच असं नाही. मग वाड्यातला नळ, शेजारीण, गणपतीची आरास यांबद्दल विचारा. तरी अडून बसली तर चपला घालून सोबत खाली एक चक्कर मारा आणि परत या. ही तगमग दिवेलागणीला वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका.

आजाराच्या सुरुवातीला मात्र ती थेट डोळ्यांत बघून विचारेल, “ते गेले का?” तेव्हा हात धरून “हो गं” म्हणा आणि तिथून उठू नका. इथे टाळाटाळ केली तर तिला ती कळते आणि तुमच्यावरचा विश्वास जातो.

घरात सगळ्यांचं उत्तर एकच हवं. मुलगी एक सांगते, सूनबाई “आई, तुम्ही आता जेवून घ्या” म्हणून विषय बदलते, कामाच्या मावशी तिसरंच बोलतात आणि परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर सगळं खरं सांगून टाकतो. ठरलेली वाक्यं कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, मुलालाही पाठवा.

जिवाशी गाठ असेल तिथे समजुतीवर विसंबू नका. स्वयंपाक झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरची चावी बंद. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. गोळ्या चुरून वरणात मिसळण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर “आजार वाढला” असं गृहीत धरू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं किंवा नवं औषध ही कारणं असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

सर्वांत महाग पडतो तो घरच्यांचा भ्रम : “वय झालं की असं होतंच”, “औषधाने होईल पूर्ववत”. अल्झायमरसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल काहींची लक्षणं काही काळ सावरतं, आजार बरा करत नाही. या आशेवर कागदपत्रं राहून जातात. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. करून देणाऱ्याची आकलनशक्ती गेली की आपल्या कायद्यानुसार ते संपतं. मृत्युपत्रही शुद्धीत असतानाच करता येतं. म्हणून निदान झाल्या झाल्या, तिला व्यवहार कळतोय तोवर, तिच्याशी बोलून मृत्युपत्र करा, त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. बँकेत संयुक्त खातं आणि सगळ्या ठेवींना नॉमिनेशन करून घ्या. हे राहिलं तर पुढे तिच्याच उपचारांसाठी तिचे पैसे काढायला न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागू शकतो.