विज्ञानकथेत वयात येताना: लिंगभाव कसा लिहावा

दूरच्या भविष्यातला किंवा परग्रहावरचा समाज उभा करायचा आहे. तिथली स्त्री-पुरुष विभागणी आपल्यासारखी नाही, आणि मुख्य पात्र वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे. असं काही डोक्यात आलं की बहुतेक जण आधी नवं सर्वनाम घडवायला बसतात. ते काम मागे ठेवा. आधी वेळापत्रक ठरवा.

एका कागदावर चार ओळी लिहा. शरीर कधी बदलतं? स्वतःची ओळख स्वतःला कधी उमगते? समाज ती कधी मान्य करतो, आणि कोणाच्या तोंडून? ओढ कोणाबद्दल वाटते, आणि कधीपासून? प्रत्येक ओळीसमोर वय लिहा. चारही वयं एकच आली, तर हातात समाजाची माहिती आहे, पण कथा नाही. दोन वयांत फट पडली की त्या फटीत कथा सापडते.

ही फट आपल्याकडेही आहेच. माणसाच्या मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ व्या वर्षांदरम्यान होते, मुलग्यांमध्ये ९ ते १४ दरम्यान. म्हणजे एकाच वयाच्या दोन मुलांमध्ये काही वर्षांचं अंतर पडू शकतं. तुमच्या समाजाने वयात आल्याच्या विधीसाठी एकच वय नेमलं असेल, तर काहींसाठी तो फार लवकर येणार आणि काहींसाठी उशिरा. मंगळावरची वसाहत असेल तर हिशोब नीट करा. तिथलं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, म्हणजे आपल्या १३ वर्षांची तिथे जेमतेम ७ वर्षं होतात. ‘सातव्या वर्षी विधी’ हे वाक्य तिथे अगदी साधं वाटेल. पृथ्वीहून नुकत्याच आलेल्या कुटुंबाला मात्र ते धक्का देईल.

शरीर कशामुळे बदलतं, हे ठरवताना निसर्गाकडे पाहा. क्लाउनफिश माशांच्या गटातली मोठी मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. समुद्री कासवांमध्ये वाळू उबदार असेल तर माद्या जास्त होतात, थंड असेल तर नर. पण ही गंमत नुसती उचलून कथेत टाकू नका, कारणाबरोबर सत्ताही येते. तापमानाने लिंग ठरत असेल तर उबवणघराची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या हाती पुढची पिढी. गटातल्या स्थानामुळे लिंग बदलत असेल तर वरच्या माणसाच्या मृत्यूची वाट कोण पाहतंय, हे विचारा. आणि शरीर बदललं म्हणून ओळख आपोआप बदलते असं धरून चालू नका. या विषयावरच्या कथा सर्वात जास्त इथेच घसरतात: शेवटी शरीर बदलतं, पात्र सुखी होतं, आणि आधी मांडलेला सगळा प्रश्न वाहून जातो.

आता भाषा. इथे मराठी लेखकाच्या हाती जे आहे, ते इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही. अमेरिकी विज्ञानकथा-लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत गेथेन नावाचा ग्रह रंगवला. तिथली माणसं २६ दिवसांच्या चक्रात थोडेच दिवस नर किंवा मादी होतात, एरवी कोणीच नसतात. त्यांच्यासाठी इंग्रजीतलं पुरुषवाचक सर्वनाम वापरल्यामुळे वाचकांना सगळे पुरुषच दिसू लागले, आणि ही टीका त्यांनी पुढे मान्य केली. त्याच ग्रहावरची एक जुनी कथा १९७५ च्या संग्रहात घेताना त्यांनी सर्वनाम बदलून स्त्रीवाचक केलं. इंग्रजीत हा पेच मुख्यतः सर्वनामाचा. मराठीत तो क्रियापदातही आहे: ‘मी आलो’ की ‘मी आले’, तोंड उघडताच उत्तर द्यावं लागतं.

पात्राचा लिंगभाव उघड करायचा नसेल तर पुढचे मार्ग वापरा. पात्राचं नाव नीर धरू. भविष्यकाळ सुरक्षित आहे: ‘मी जाईन’, ‘नीर जाईल’. ‘जात आहे’, ‘जात असे’ आणि ‘जात नाही’ हेही सुरक्षित, पण ‘जातोय’, ‘जातेय’ नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे वळतं, म्हणून ‘नीरने दार उघडलं’ चालतं. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ टाळून ‘नीरने विचारलं’, ‘नीरने सांगितलं’ लिहा. ‘जाऊ शकला नाही’ ऐवजी ‘जाणं जमलं नाही’. विशेषणं उंच, शांत, हुशार अशी घ्या, कारण ‘मोठा’, ‘मोठी’ लगेच गुपित फोडतात. ‘त्याने’, ‘तिने’ टाळायचं म्हणजे नाव पुन्हा पुन्हा येणार, तेव्हा नाव दोन अक्षरांचं ठेवा, नाहीतर परिच्छेद जड होतो. ‘व्यक्ती’ हा शब्द सुटकेचा वाटतो, पण तो स्त्रीलिंगी आहे. पुढच्याच वाक्यात ‘ती’ येते आणि वाचक बाई पाहू लागतो. आदरार्थी ‘ते आले’ मुळे तसाच पुरुष दिसतो.

नपुंसकलिंग जपून वापरा. ‘मूल आलं’, ‘भावंड रुसलं’, ‘कोणीतरी हाक मारतंय’ हे आपण रोज बोलतो, म्हणून विधीआधीच्या मुलांसाठी ते सहज बसतं. प्रौढासाठी तेच रूप हिणवल्यासारखं ऐकू येतं. समाजात ते सन्मानाचं आहे असं दाखवायचं असेल, तर पहिल्या दोन पानांतच सर्वात मान असलेल्या पात्रासाठी ते वापरा: ‘न्यायाधीश आलं, सगळे उठले.’ कान तिथे वळला की पुढे खटकत नाही.

प्रथमपुरुषात अडचण वेगळी. ‘मी आलं’ असं रूढ भाषेत कोणी बोलत नाही. पण ‘आम्ही आलो’ आणि ‘तुम्ही आलात’ यांत लिंग दिसतच नाही. त्यावर अख्खा समाज उभा राहू शकतो. मुलं विधीपर्यंत स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात आणि त्यांना सगळे ‘तुम्ही’ म्हणतात. ‘मी’ म्हणण्याचा हक्क विधीत मिळतो, आणि त्यासोबत ‘आलो’ की ‘आले’ हेही ठरवावं लागतं. मग जिवलग मैत्रीत कोणीतरी विधीआधीच चुकून ‘तू’ म्हणतं, ‘आलास’ की ‘आलीस’ इथे अडखळतं, आणि लेखकाला एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता प्रसंग मिळतो. विधीत उभं राहून शेवटपर्यंत ‘आम्ही’च म्हणणारं पात्रही याच नियमातून जन्मतं. अशा कथेचा कळस एका क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात ठेवता येतो, म्हणून तो स्वर आधी कुठेही निसटू देऊ नका. लिहून झाल्यावर त्या पात्राचं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून तपासा. एखादं ‘होता’ किंवा ‘लागली’ हमखास राहून गेलेलं असतं.

पात्रं निदान चार हवीत: विधी ज्याला नीट मानवतो, ज्याच्यासाठी तो चुकीच्या वेळी येतो, जो नकार देतो, आणि जो तो चालवतो. पहिल्याला वगळू नका. विधी कोणालाच मानवत नसेल तर समाज तो का जपतो, हे वाचकाला पटत नाही. चालवणाऱ्यालाही खलनायक करू नका. विधीत झालेली नोंद चुकली तर खोली कोणाला द्यायची, काम कोणतं द्यायचं, वारस कोण, असे खरे प्रश्न त्याच्यापुढे असतात.

पारलिंगी पात्राची, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून ज्याचा लिंगभाव वेगळा आहे अशा पात्राची, ओळख शेवटच्या पानावरचा धक्का म्हणून राखून ठेवू नका. त्यामुळे एक जिवंत माणूस कोडं होऊन जातो. ती वाचकाला आधीच कळू द्या, आणि ताण पुढच्या प्रश्नावर ठेवा: आता घरी काय सांगायचं. नियमांची माहितीही वाटून द्या. ५,००० शब्दांच्या कथेत पहिल्या प्रसंगाआधी १०० शब्दांहून जास्त माहिती नको. बाकीची कपड्यांच्या वाटपात, झोपण्याच्या जागेत, हजेरीच्या यादीत दिसू द्या. पृथ्वीवरून आलेला पाहुणा प्रश्न विचारतो आणि स्थानिक उत्तरं देतो, ही युक्ती सोपी आहे, पण तिच्यामुळे वयात येणारं मूल स्वतःच्याच कथेत नमुना बनतं. कथा त्या मुलाच्या नजरेतून सांगा. त्याला जे रोजचं आहे त्याचं त्याला आश्चर्य वाटणार नाही, आणि वाचक ते दोन-तीन पानांत शिकून घेतो.