क्ले बार वापरताय? या चुका टाळा

गाडी धुऊन पुसून लख्ख झाली, तरी बॉनेटवरून हात फिरवताना बोटांना बारीक खरखर लागते. ब्रेकच्या धुळीतले लोखंडी कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक असं बरंच काही क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरून बसलेलं असतं आणि ते शाम्पूने हलत नाही. ते ओढून काढायला क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखी वडी, पत्र्यावर फिरवतात. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून फिरवलंत तर ही खरखर आणखी स्पष्ट कळेल. जिथे ती लागत नाही, तिथे क्ले फिरवूच नका. विनाकारण घासणं हीच पहिली चूक.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लुब्रिकंट, म्हणजे क्ले सरकावी म्हणून मारायचा निसरडा फवारा, वापरताना हात आखडता घेतल्याने. क्लेमध्ये बारीक अपघर्षक, म्हणजे घासणारे कण, असतात. त्याच्या आणि रंगाच्या मध्ये ओला, निसरडा थर हवाच. पॅनलवर सढळ हाताने फवारा, क्लेवरही मारा, आणि एका वेळी साधारण दीड-दोन फुटांचाच चौकोन घ्या. क्ले अडखळली, चिकटली की तिथेच थांबा आणि पुन्हा फवारा. जोर लावायचा मोह अशाच वेळी होतो. बोटांचं वजन पुरतं, खरंच पुरतं. सुरुवातीला क्ले खरखरत जाते, मग गुळगुळीत सरकू लागते. ती सरकली की तेवढा भाग झाला. गोल गोल घासू नका, सरळ रेषेत फिरवा.

उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर लुब्रिकंट बघता बघता सुकतं आणि क्लेचे डाग रंगावर उरतात. तसं झालंच तर खरवडू नका. सावलीत पत्रा गार होऊ द्या, भरपूर लुब्रिकंट मारून मायक्रोफायबरने अलगद पुसा. भांड्यांचा साबण लुब्रिकंट म्हणून नको. त्याने क्ले भुसभुशीत होऊ शकते.

क्ले जमिनीवर पडली तर टाकून द्या. धुऊन उपयोग नाही. आत रुतलेला वाळूचा एक कण आख्ख्या दारावर ओरखडा ओढतो. म्हणूनच वडी तोडून छोटे तुकडे करावेत, म्हणजे पडला तर एकच तुकडा जातो. काम करतानाही तुकडा सारखा उलटून बघा, मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणा.

सुरुवात नेहमी फाइन ग्रेडने, म्हणजे सौम्य क्लेने करा. मीडियम किंवा हेवी क्ले गडद रंगावर धूसर खुणा सोडते आणि मग पॉलिश केल्याशिवाय गत्यंतर नसतं. लोखंडी कण खूप असतील तर आधी आयर्न रिमूव्हर, डांबरासाठी टार रिमूव्हर वापरा, म्हणजे क्लेचं काम निम्मं होतं. मॅट रंगावर मात्र क्ले अजिबात नको, तिथे चकाकणारे पट्टे पडतात.

जाळीसारखे बारीक ओरखडे जावेत म्हणून पुन्हा पुन्हा क्ले फिरवणारे बरेच दिसतात. ते ओरखडे क्लेने जात नाहीत, त्याला पॉलिशच लागतं. आणि क्ले झाली की जुनं वॅक्सही बरंचसं निघालेलं असतं, त्यामुळे रंग उघडा पडतो. वॅक्स किंवा सीलंट त्याच दिवशी लावा.