माठात माठ: पेठच्या पाड्यावरचा गारवा

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी नाशिकहून लाल डब्याने पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जातो. माठात माठ ठेवून विजेशिवाय भाजी टिकवायची युक्ती तिथे करून पाहतोय. युक्ती मात्र नायजेरियातली. १९९५ च्या सुमारास मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकांनी ती तिकडे घडवून खेड्यांत नेली.

करायचं असं. एक मोठा माठ, त्यात सैलसर बसेल असा लहान. दोन्ही रंग न लावलेले. (पहिल्यांदा मी रंगवलेला देखणा माठ घेतला. पाणी झिरपलंच नाही, आठवडा वाया.) मोठ्याच्या तळाशी चार बोटं वाळू, त्यावर लहान माठ, मग भोवतीच्या फटीत चाळलेली वाळू. पाणी वाळूत ओता, आतल्या माठात नाही. तोंडावर ओलं गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पुन्हा पाणी. जागा सावलीची, पण वाऱ्याची. कोंदट खोलीत पाण्याची वाफ होत नाही, मग गारवा कुठून येणार? एप्रिलच्या कोरड्या हवेत फरक हाताला कळतो. आषाढात पेठचा पाऊस लागला की माठ रिकामे करून उपडे घाला.

मेथी, टोमॅटो, वांगी ठेवा. कांदा नको. मी ठेवला, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "अरे, कांद्याला चाळ लागते, आंघोळ नाही!"

थर्मामीटर दोन घ्या: एक आत, एक बाहेर सावलीत. नोंद रोज दुपारी तीनला. माझ्या निम्म्या नोंदी मावशींच्या शाळकरी नातीने घेतल्यात, माझ्यापेक्षा नेटक्या अक्षरात.