सेप्टिक टँक उपसण्याची गाडी: धंद्यातली कामाची माहिती

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसना ड्रेनेज लाइन नसते, तिथे हे काम मिळतं. अरुंद रस्त्यांसाठी चार-पाच हजार लिटरची गाडी पुरे. सोबत तीन इंची पाइप तीस मीटर ठेवा. टाकीचा तळ गाडीच्या पंपापेक्षा सहा-सात मीटरहून खोल असेल तर ओढ पडत नाही. गाडी जवळ, सखल जागी लावा.

झाकण उघडून टाकी हवेशीर होऊ द्या. आधी लांब काठीने घट्ट गाळ हलवा, मग ओढा. फक्त वरचं पाणी ओढलंत तर गाळ तळाशीच राहतो आणि टाकी लवकर तुंबते. पंप गरम होऊन ओढ कमी झाली, तर आधी तेल बघा. तेल दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी शिरलंय. बहुतेकदा फ्लोट बॉल (गाडीची टाकी भरली की पंपाकडची वाट बंद करणारा तरंगता गोळा) अडकलेला असतो.

पावसाळ्यात फायबरची टाकी पूर्ण रिकामी करू नका, भूजलाच्या दाबाने ती वर उचलली जाते.

माणूस आत उतरवायचा नाही, अगदी मिनिटभरही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथला वायू क्षणात बेशुद्ध करतो. मैला मलशुद्धीकरण केंद्रावरच रिकामा करा, नाल्यात सोडलात तर गोदावरीत जातो.