पावशा कुठल्याच सुरावर थांबत नाही

गेल्या मे महिन्यात एका वाद्यवृंदातून फोन आला. तेव्हा मी अकरा वर्षं सतार शिकत होते, विशारद झाले होते आणि तबलजी सोडला तर दुसऱ्या कुणाबरोबर एक ओळसुद्धा कधी वाजवली नव्हती. "नवं संगीत आहे, पावसाळ्यावर. अकरा वाद्यं. सगळं लिहिलेलं, आयत्या वेळचं काही नाही," एवढंच सांगितलं गेलं. आता क्लासातली मुलं विचारतात, असं बोलावणं आलं तर काय करायचं? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमच्या बाईंचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे बँड का?" घरून तुम्हालाही हेच ऐकावं लागेल. तेव्हा सांगायला हाताशी असू द्या. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना शिकवून वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. रविशंकर १९४९ ते १९५६ दिल्ली आकाशवाणीवर होते, तिथला वाद्यवृंद त्यांनी घडवला, आणि नंतर ते काम पन्नालाल घोषांकडे आलं. बाई यावर "हं" म्हणाल्या. बाईंचं "हं" म्हणजे परवानगी.

कागद हातात आला की आधी विचारा, स्वरलिपी कुठली? मी पलुसकर पद्धतीवर वाढलेली. तिच्यात स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, उभी रेघ असली की तार, म्हणजे वरचं. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचं टिंब तार सप्तकाचं, मंद्राचं टिंब खाली. आमच्या संगीतकाराने भातखंडे पद्धतीत लिहिलं होतं. मी घरी आठवडाभर एक संथ, गंभीर, खर्जातली ओळ घोटली आणि पहिल्या तालमीत ऐटीत वाजवली. बासरीवाला माझ्याकडे बघतोय, मी बासरीवाल्याकडे. मी दरीतलं धुकं समजून वाजवत होते ती ओळ विजेची होती.

सुरांचं भांडण दुसऱ्या दिवशी. माझी सतार काळी एक पट्टीची, वाद्यवृंद पांढरी एकमध्ये. अर्धा सूर उतरवायचा म्हणजे नुसती बाजाची तार नव्हे, खालच्या तेरा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक ताराही. शिवाय तारा सैल पडल्या की जवारीचा, म्हणजे घोडीवरच्या झणकाराचा, आवाज बदलतो. हे तालमीच्या दिवशी सकाळी करू नका, चार दिवस आधी उतरवून तारांना बसू द्या. आणि कीबोर्ड असला तर गंधाराची तयारी ठेवा. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार आणि कीबोर्डचा गंधार यांत साधारण १४ सेंटचा फरक असतो (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), कीबोर्डचा चढा. ऐकताना दात शिवशिवल्यासारखं होतं. मी पडदा किंचित सरकवून पाहिला, सरोदवाल्याने नाक मुरडलं, शेवटी संगीतकाराने कीबोर्डच्या ओळीतले गंधारच खोडून टाकले.

पण खरी अडचण वेगळीच होती. पाऊस म्हटलं की आमचा हात आपोआप मल्हाराकडे जातो. माझ्या एका ओळीत कोमल गंधार होता. मी त्याला लगेच मियाँ मल्हाराचं आंदोलन दिलं, म्हणजे तो सूर सावकाश झुलवला. संगीतकाराने काठी खाली ठेवली. "अगं, तो गंधार सरळ आहे. तो राग नाही, पन्हळीतून पडणारं पाणी आहे." मला राग आला होता. अकरा वर्षं ज्या सुराला हलवायला शिकले, तो आता स्थिर धर म्हणे! अजूनही मला वाटतं की त्या जागी आंदोलन वाईट लागलं नसतं. पण लिहिलेलं संगीत वाजवायला गेलात तर लिहिलेलं वाजवावं लागतं. तुमची तालीम, तुमचं घराणं, सगळं पायातल्या चपलांबरोबर दाराबाहेर.

मग संगीतकार आम्हाला जूनच्या एका पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी घेऊन गेला, पावशा पक्षी ऐकायला. "पेरते व्हा, पेरते व्हा" लहानपणापासून ऐकलेलं होतं, तरी ऐकलं नव्हतं. प्रत्येक हाकेला तो थोडा वर जातो. अर्धा सूर नाही, पाव सूर नाही, कुठेतरी मधेच. चढत चढत जातो आणि ऐन टिपेला एकदम तुटतो. कुठल्याच सुरावर थांबत नाही. कागदावर त्या जागी स्वर नव्हते, फक्त वर जाणारे सात बाण होते. सतारीवर हे कसं काढायचं? एकाच पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक वेळी तार जराशी जास्त खेचायची. तिसऱ्या हाकेपर्यंत मजा वाटते. सहावीला बोटावरचा घट्टा बोलायला लागतो. सातवीला तार तुटेल अशी धास्ती. माझी मोठी चूक ही की मी नकळत सुरावर जाऊन बसायचे, म सापडला की हात तिथेच विसावायचा. ते मोडायला मी डोळे मिटून, तंबोरा बंद ठेवून सराव केला. संतूरवाल्याला हा त्रास नव्हता. संतूरला अशी मींड, म्हणजे तार खेचून सूर सरकवणं, नाही म्हणून त्याच्या वाटणीला थेंब आले. जलतरंगवाला मात्र चमच्याने वाडग्यांत पाणी कमीजास्त करत शेवटपर्यंत घामाघूम.

सगळ्यांत जास्त शिकवलं बेडकांनी. तो भाग डग्गा आणि पखवाजाची कणीक लावलेली बाजू यांच्यासाठी लिहिलेला. बेडकांच्या अनेक जातींत शेजारचे नर एकमेकांच्या आवाजावर आवाज टाकत नाहीत, दुसऱ्याच्या मधल्या फटीत ओरडतात. नाहीतर मादीला कोण कुठे आहे ते कळणार कसं? दोघांनी ते हुबेहूब जमवलं. आणि त्या सगळ्या वेळात मी, ४६ मात्रा, गप्प. एकटं वाजवणाऱ्याला गप्प बसायची सवयच नसते. आपण मधल्या जागा भरायला शिकतो. पहिल्या चारही तालमींत मी लवकर आत शिरले. मग मोजणं सोडून बासरीवाल्याचे खांदे बघायला लागले. दुसऱ्यांदा त्याने मोठा श्वास घेतला की माझी बोटातली नखी तारेवर. कागदावर मी पेन्सिलीने तेवढंच लिहिलं, "श्वास दोन".

आता किरकोळ पण महत्त्वाचं. नखी घातलेल्या हाताने पान उलटत नाही, त्यामुळे झेरॉक्स शेजारी शेजारी चिकटवून एकच लांब पट्टा करा आणि क्लिपा लावा, एसीचा झोत येतो. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेत तबल्याची शाई-पुडी उतरते, एसीत चढते. सतारही तशीच बिनसते. तासभर आधी पोचा आणि पेटी उघडून वाद्य सभागृहात नुसतं पडू द्या. साउंडवाल्याला "सगळं नीट ऐकू येऊ दे" असं मोघम सांगू नका. "मॉनिटरमध्ये बासरी वाढव, सतार कमी" असं सांगितलं तर तो ऐकतो. खाली बसणाऱ्यांनी आपल्या जागेवरून काठी दिसते का ते तालमीतच बघावं. मला पहिल्यांदा चेलोची मान सोडून काही दिसत नव्हतं.

पैशांचं मी विचारलं नाही, म्हणून सांगते. नऊ तालमी झाल्या आणि मानधन फक्त कार्यक्रमाचं, तेही अडीच महिन्यांनी. तालमींचे किती, येण्याजाण्याचं काय, ध्वनिमुद्रण कुठे वापरणार, हे हो म्हणायच्या आधी विचारा आणि मेसेजमध्ये लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. तिने वाजवणाऱ्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर काही हक्क दिलेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मी लाजले.

कार्यक्रमाला बाई आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत. सातवा बाण जमला, तार तुटली नाही, श्वास दोन बरोबर आले. संपल्यावर पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "छान झालं हो. बेडूक तर फारच. पण तू वाजवलंस कधी?"